उत्तराखाली सही कुणाची?



ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला. के.एम.जी. वायर्स या कंपनीने २०२३-२४ या करनिर्धारण वर्षासाठी आपले उत्पन्न सुमारे ३ कोटी ९ लाख रुपये दाखवले होते. खात्याने ते २७ कोटी ९१ लाखांवर नेले. या वाढीतला मोठा वाटा संचालकांकडून घेतलेल्या कर्जाच्या सर्वाधिक शिलकेचा होता. ही रक्कम उत्पन्नात धरणे कायदेशीर आहे हे दाखवण्यासाठी आदेशात तीन न्यायनिवाड्यांचा आधार दिला होता, आणि ते तिन्ही निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्या. बर्जिस कुलाबावाला आणि न्या. अमित जमसांडेकर यांच्या खंडपीठाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवताना एक इशारा दिला. त्याचा आशय असा, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्र जे समोर टाकते त्यावर भिस्त ठेवण्याचा मोह होतो. पण ज्याच्या हाती निमन्यायिक अधिकार आहेत त्याने ते डोळे झाकून वापरू नये, पडताळून घ्यावे.

या प्रकरणात मला रक्कम किंवा करकायद्यातला बारकावा महत्त्वाचा वाटत नाही. तो आदेश वाचायला कसा होता, हे महत्त्वाचे वाटते. सरकारी आदेश जसा असतो तसाच तो होता. कलमे, परिच्छेद, निवाड्यांची नावे, सगळे जागच्या जागी. जे खरे होते आणि जे नव्हते, त्यांच्या भाषेत तसूभरही फरक नव्हता. कंपनीने वकील लावला, वकिलाने निवाडे शोधले, सापडले नाहीत, म्हणून प्रकरण उघडकीस आले. उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत नसलेल्या करदात्याच्या वाट्याला असा आदेश आला असता तर तो वसुलीपर्यंत सुखरूप पोहोचला असता. त्याआधी प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळुरू पीठाचा डिसेंबर २०२४ मधला एक आदेश अशाच अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांमुळे मागे घ्यावा लागला होता. म्हणजे एखाद्या आळशी माणसाची चूक म्हणून हे सोडून देता येत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. चॅटबॉट चुकतात, ही तक्रार खरी असली तरी ती अपुरी आहे. माणसे चुकतात, पुस्तके चुकतात, वर्तमानपत्रे तर रोज चुकतात. या चुकांसोबत जगायची सवय समाजाला शतकानुशतकांची आहे, कारण माणसाच्या चुकीला काही खुणा असतात. माहिती नसलेला माणूस अडखळतो, 'बहुधा', 'माझ्या आठवणीप्रमाणे' असे शब्द पेरतो, तारीख विचारली की विषय बदलतो. आणि थापाड्या असेल तर गल्लीत त्याची ख्याती झालेली असते. समोरच्याच्या आवाजातल्या ठामपणावरून त्याच्या ज्ञानाचा अंदाज घेणे हे आपण लहानपणापासून शिकलेले कौशल्य आहे आणि ते बहुतेक वेळा उपयोगी पडते. चॅटबॉटपुढे नेमके तेच कौशल्य आपल्याला फसवते, कारण त्याचा ठामपणा आणि त्याची माहिती यांचा एकमेकांशी संबंधच नसतो.

न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात हे फार स्पष्ट दिसले. २०२३ मधले 'माटा विरुद्ध एव्हिआन्का' हे प्रकरण आता जगभरच्या वकिलांना ठाऊक आहे. विमानात जखमी झालेल्या प्रवाशाच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि न्या. केव्हिन कॅस्टेल यांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. दंडाची बातमी सगळीकडे छापून आली, पण मला त्यातला एक तपशील अधिक बोलका वाटतो. त्यातल्या एका वकिलाला शंका आली होती. त्याने चॅटबॉटलाच विचारले, हा निवाडा खरा आहे का? उत्तर आले, हो, खरा आहे, आणि नामांकित कायदेविषयक संग्रहांत तो सापडेल. वकिलाचे समाधान झाले. खातरजमा करायची इच्छा असलेल्या, शिकल्यासवरलेल्या माणसाने ती खोट्या साक्षीदाराकडेच केली. बोलणारा आणि पुरावा यांत फरक करायला यंत्र आपल्याला कसे विसरायला लावते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

असे का होते, हे समजून घ्यायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ही यंत्रे अफाट मजकूर वाचून एकच गोष्ट शिकतात: आतापर्यंतचे शब्द असे असतील तर पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव जास्त. त्यातून वाक्य तयार होते, आणि ते वाक्य तशा प्रकारच्या वाक्यांसारखे दिसते. निवाड्याचे नाव निवाड्याच्या नावासारखे, औषधाची मात्रा मात्रेसारखी. पुष्कळदा ते खरेही असते, कारण जगात जे वारंवार लिहिले जाते ते बरेचसे खरे असते. पण 'असण्याचा संभव आहे' आणि 'आहे' यांत अंतर आहे, आणि ते अंतर किती असू शकते हे या सभागृहात बसलेल्यांना वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, जुलैच्या महिन्याभराच्या सरासरीहूनही जास्त. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला जेमतेम ७३ मिलिमीटर. जुलैतल्या कुठल्याही दिवसाच्या मुंबईतल्या पावसाचा 'संभाव्य' आकडा कोणी काढला असता तर तो कुलाब्याच्या जवळपास आला असता, आणि कालिन्याची एअर इंडिया कॉलनी पाण्यात असताना तो आकडा अगदी समजूतदार वाटला असता. ९४४ वर आपण विश्वास ठेवतो तो आकडा पटण्याजोगा आहे म्हणून नव्हे. तो मुळीच पटण्याजोगा नाही. ठरलेल्या जागी पर्जन्यमापक होता, ठरलेल्या वेळी कोणीतरी तो वाचून नोंद केली, म्हणून विश्वास ठेवतो. ज्या गोष्टी माणसाच्या आयुष्याला सगळ्यात जास्त धक्का देतात त्या बहुधा अशाच, सरासरीत न बसणाऱ्या असतात. त्याच जागी हे यंत्र सरासरीचे उत्तर देते.

ठामपणाचे दुसरे मूळ शिकवणीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी, म्हणजे चॅटजीपीटी बनवणाऱ्यांनीच, एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की या यंत्रांच्या चाचण्या नकारात्मक गुण नसलेल्या परीक्षेसारख्या असतात. 'नीट'ला बसलेला विद्यार्थी येत नसलेला प्रश्न सोडून देतो, कारण चुकले तर एक गुण कापला जातो. कापाकापी नसेल तर तो काहीतरी खूण करून येतो. यंत्राला 'मला माहीत नाही' म्हटल्याबद्दल शून्य आणि अंदाज लागला तर पूर्ण गुण मिळत असतील, तर ते अंदाज करायलाच शिकणार. बनवणाऱ्यांनी हे कबूल केले हे बरे झाले. अर्थात ग्राहकाला 'माहीत नाही' हे उत्तर फारसे आवडत नाही, हेही त्यांना पक्के ठाऊक असणार.

आता हा प्रश्न इथे, आपल्या वाकोल्यात आणून पाहू. या परिसरात आणि शेजारच्या गोळीबार वस्तीमध्ये शेकडो कुटुंबांचे आयुष्य एका प्रश्नाभोवती फिरते: झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आपण पात्र आहोत का, आणि घर किती चौरस फुटांचे मिळणार? समजा एखाद्याने हा प्रश्न मोबाइलवर मराठीत विचारला. खरे उत्तर काळानुसार बदलत गेलेले आहे. संरक्षणाची तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग ती १ जानेवारी २००० झाली, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना सशुल्क पुनर्वसनाची सोय झाली आणि त्याची किंमत २०२३ मध्ये अडीच लाख रुपये ठरली. घराचे चटई क्षेत्र २२५ चौरस फुटांवरून २६९ वर आणि पुढे ३०० वर गेले. यातला प्रत्येक आकडा कधी ना कधी खरा होता. प्रत्येकाविषयी बातम्या आल्या, लेख आले, बिल्डरांची माहितीपत्रके निघाली, आणि ते सगळे इंटरनेटवर शेजारी शेजारी पडून आहे. त्या ढिगावर शिकलेले यंत्र १९९५ ची तारीख, २६९ फूट आणि अडीच लाख रुपये एका वाक्यात सहज गुंफू शकते. वाक्य निर्दोष असते. कुठल्याच वर्षी लागू नसलेला नियम मात्र त्यातून जन्माला येतो. तो ऐकून एखादे कुटुंब परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्रतेच्या यादीत, आपले नाव अपात्रांत पडले तरी 'नियमच तसा आहे' म्हणून गप्प बसेल आणि अपिलाची मुदत टळून जाईल. इथे कोणी खोटे बोललेले नाही. फसवण्याचा कोणाचा हेतूही नाही. नुकसान तेवढे खरे आहे.

मराठी माणसाच्या दृष्टीने यात एक जादा अडचण आहे आणि तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांच्या घरात लेख आहेत, मराठीवर लाखभराच्या आसपास. आपले जुने सरकारी कागद पुष्कळसे स्कॅन केलेल्या प्रतिमा आहेत किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अडकलेले आहेत. यंत्राला ते वाचताच येत नाहीत किंवा वाचले तर कचरा हाती लागतो. म्हणजे शिकायला मजकूर कमी. तरीही मराठीत विचारले की यंत्र थांबत नाही. शुद्ध, गुळगुळीत, थोड्या शासकीय वळणाच्या मराठीत ते तितक्याच निश्चयाने बोलते. इंग्रजीत चुकलेली गोष्ट दुसरीकडे पडताळायला दहा जागा असतात. मराठीत, विशेषतः एखाद्या तालुक्याच्या, जातपंचायतीच्या, गावदेवीच्या किंवा स्थानिक नियमाच्या बाबतीत, ती एकमेव जागा ठरू शकते. उद्या तेच चुकीचे वाक्य कोणी एखाद्या वेबसाइटवर चिकटवले की परवाचे यंत्र त्यावरच शिकणार.

आपल्याकडे अशा समस्येशी दोन हात करण्याची परंपरा नाही असे मात्र नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. बखरी तोवर लोकप्रिय होत्या, वाचनीय होत्या, आणि कुठल्याही प्रसंगाचे संभाषणासकट वर्णन करायला त्या कचरत नसत. राजवाड्यांनी बखरीला अस्सल पत्राशेजारी बसवून तिचा कस लावला. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद असाच. बखरींच्या आधाराने १६२७ हे वर्ष रूढ होते. जेधे शकावलीतली नोंद पुढे आली आणि तिच्या बळावर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख उभी राहिली. हा वाद दीर्घकाळ चालला, कटूही झाला, पण तो चालू शकला कारण प्रत्येक पक्षाला आपला कागद टेबलावर ठेवावा लागत होता. वाईच्या विश्वकोशात नोंद संपली की लेखकाचे नाव असते. ती सवय क्षुल्लक वाटते, पण चूक सापडली तर कोणाला पत्र लिहायचे हे तिने ठरवून दिले आहे. चॅटबॉटच्या उत्तराला हे तिन्ही नाही: कागद नाही, लेखक नाही, पत्र पाठवायला पत्ता नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा, की माणसांच्या चुका तरी कुठे कमी आहेत? वॉर्ड ऑफिसातल्या खिडकीवर चुकीचे सांगणारा बाबू, पाच मिनिटांत पाच औषधे लिहिणारा डॉक्टर आणि व्हॉट्सॲपवरचे काका यांच्यापेक्षा चॅटबॉट बरा, असे कोणी म्हटले तर एका उत्तरापुरते ते बरोबर असू शकते. पण खिडकीवरचा बाबू एकाच खिडकीवर बसतो. त्याच्या चुकीचा घेर तेवढाच, आणि शेजारच्या रांगेतला माणूस लगेच म्हणतो, 'अहो, काल मला वेगळं सांगितलं.' तसा शेजारी चॅटबॉटच्या खिडकीवर नसतो. प्रत्येक जण आपापल्या हातातल्या पडद्याशी एकटा असतो.

दुसरा आक्षेप सुधारणेचा. यंत्रे झपाट्याने सुधारत आहेत, आता ती शोध घेऊन संदर्भही देतात. सुधारणा खरी आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसी यांनी १८ देशांतल्या २२ वृत्तसंस्थांच्या मदतीने, १४ भाषांत, तीन हजारांवर उत्तरे तपासली. बातम्यांविषयीच्या ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष निघाला आणि ३१ टक्क्यांत संदर्भांबाबतच गंभीर गडबड होती. म्हणजे संदर्भ आहे, पण तो वाक्याला आधार देत नाही, किंवा भलत्याकडे बोट दाखवतो. पुढे हे आकडे उतरतील असे मीही धरून चालतो. त्याने धोका त्याच प्रमाणात उतरेल असे मात्र वाटत नाही. दहातली चार उत्तरे चुकतात तोवर माणूस सावध असतो. शंभरात एक चुकू लागले की तो बघणे सोडून देतो, आणि त्या एकाची जागा कोणती हे आधी कळत नाही. करखात्याच्या त्या आदेशापर्यंत गोष्ट गेली तीही यंत्र बहुतेक वेळा बरोबर असते म्हणूनच. रोज चुकणाऱ्या यंत्रावर इतकी भिस्त कोणी ठेवली नसती.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. वकिलाची फी परवडत नाही, डॉक्टर दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही, अधिकारी भेटत नाही, अशा माणसाला 'चॅटबॉटवर विश्वास ठेवू नका' हे सांगणे म्हणजे पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला पथ्य सांगणे आहे. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच सरसकट बंदीच्या भाषेत मला रस नाही. पण इथे एक भेद करावा लागतो. इंग्रजीतली नोटीस हातात आहे आणि ती सोप्या मराठीत समजावून घ्यायची आहे, अर्जाचा मसुदा नीट करायचा आहे, डॉक्टरला विचारायच्या प्रश्नांची यादी करायची आहे. अशा कामात मूळ कागद किंवा मूळ माणूस आपल्यासमोर असतो आणि यंत्राची चूक त्याच्यावर घासून पाहता येते. तिथे घरकाम करणाऱ्या बाईलाही हे साधन मोठाच आधार देऊ शकते. जिथे यंत्रच एकमेव स्रोत होतो तिथे गोष्ट पालटते. २०२५ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात साठ वर्षांच्या एका गृहस्थाची हकीकत आली. आहारातले मीठ टाळायचे म्हणून चॅटजीपीटीचा सल्ला घेऊन ते सोडियम क्लोराइडऐवजी सोडियम ब्रोमाइड खाऊ लागले. ब्रोमाइडच्या विषबाधेने भ्रम झाला आणि तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड हे उत्तर साफसफाईच्या संदर्भात कदाचित चाललेही असते. 'कशासाठी?' असे जे कोणताही केमिस्ट विचारेल, ते विचारले गेले नाही. शिवाय गरिबाला अर्धेमुर्धे उत्तर मिळते ते काहीच नसण्यापेक्षा बरे, हा हिशेब चुकीच्या उत्तराची किंमत कोण मोजतो हे विसरतो. कंपनीला वकील मिळतो. परिशिष्टातून नाव गळलेल्याला दुसरी संधी सहज मिळत नाही.

आणि इथेच प्रश्न वैयक्तिक सावधगिरीच्या हाताबाहेर जातो. 'पडताळून पाहा' हा सल्ला योग्य असला तरी त्याने सगळा भार सर्वांत दुबळ्या टोकावर पडतो. उत्तराच्या खाली बारीक अक्षरांत 'चुका संभवतात' असे छापले की देणारा मोकळा. कॅनडात एअर कॅनडाने हा मार्ग चोखाळून पाहिला. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला नातलगाच्या मृत्यूनिमित्तच्या सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. कंपनीने लवादापुढे असाही युक्तिवाद केला की चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ होती, तत्त्व नव्हे.

हे तत्त्व आपल्याला लवकरच लागणार आहे. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर चॅटबॉट आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने 'आपले सरकार'च्या सेवा मेटाच्या मदतीने व्हॉट्सॲपवर देण्याची घोषणा केली. खेटे वाचत असतील तर त्याचे स्वागतच. पण शासन निर्णयावर दिनांक असतो, संकेतांक असतो, सही करणाऱ्याचे पदनाम असते. शासनाच्याच चॅटबॉटने सांगितलेल्या नियमाखाली यातले काय असणार? उत्तरासोबत त्या निर्णयाचा क्रमांक आणि तारीख देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ज्या प्रश्नाला असा निर्णय सापडत नाही तिथे यंत्राने थांबून कार्यालयाचे नाव सांगावे, हेही अवघड नाही. अवघड आहे ते चुकीची जबाबदारी घेणे. त्याची चौकट महाराष्ट्राने २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात घालून दिलेली आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेला पदनिर्देशित अधिकारी, ठरलेली मुदत, पहिले आणि दुसरे अपील, आणि कसूर झाली तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. या कायद्यात दाखला वेळेत न दिल्याबद्दल जाब विचारता येतो. सरकारी चॅटबॉटने चुकीचा नियम सांगितल्यामुळे अर्जच केला गेला नाही, तर त्याला या चौकटीत आज जागा नाही. ती करायची तर दोन गोष्टी पुरतील: चॅटबॉटने दिलेले उत्तर त्या विभागाच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याने दिले असे धरावे, आणि त्यावर विसंबून हुकलेली मुदत नागरिकाच्या बाजूने वाढवून द्यावी. येत्या अधिवेशनात आपल्या आमदारांना विचारायला हा प्रश्न पुरेसा नेमका आहे, आणि तो विचारताना वाकोल्यातल्या परिशिष्ट-२ च्या यादीचे उदाहरण सोबत न्यायला हरकत नाही.